उसन्या चिलखताची कुळकथा

सातव्या शतकात आयर्लंडमधल्या लेडकेन नावाच्या एका मठवासी पंडिताने लॅटिनमध्ये एक लांबलचक प्रार्थना रचली. माझी टाळू राख, केस राख, कपाळ राख, डोळे, दात, जीभ राख, असे देवाला विनवत तो खांद्यांवर येतो, बरगड्या मोजतो, आतडीसुद्धा सोडत नाही आणि शेवटी पायांपाशी थांबतो. त्या वर्षीच्या मरीने आपल्याला ओढून नेऊ नये, ही त्यातली एक मागणी. या प्रार्थनेला नाव पडले ‘लोरिका’. लोरिका म्हणजे चिलखत.

आता रामरक्षा आठवा. बुधकौशिक ऋषींच्या नावावरचे हे स्तोत्र डोक्यापासून निघते, रामाच्या एकेका नावाकडे एकेक अवयव सोपवत पायांशी येते आणि स्वतःला वज्रपंजर म्हणवते. स्तोत्रांची ही जात ‘कवच’ या नावानेच ओळखली जाते. एक प्रार्थना अटलांटिकच्या काठची, दुसरी आपल्या देवघरातली. दोघींना शरीर अवयवांनी मोजायचे सुचले आणि दोघींची ओळख चिलखताशीच जुळली.

ही जोडी माझ्या डोक्यात बसण्याचे कारण ओमती. जबलपूरच्या मधोमध, ओमती नाल्याच्या काठची ही वस्ती. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते, त्यामुळे मराठी माणूस इथे कधी परका नव्हता. पुढे कचेऱ्यांनी, रेल्वेने आणि १९०४ च्या गन कॅरेज फॅक्टरीने आणखी घरे आणली. आमचे घर नगरकडच्या मिशनातून आलेले ख्रिस्ती घर. आजी पहाटे उठली की आधी कमरेवर हात ठेवायची, मग छातीवर, मग वाकून पावलांना, मग डावा हात पुढे, मग डोक्याला. ‘चढवलं बाई सगळं’ म्हणायची आणि चुलीकडे वळायची. भिंतीपलीकडच्या काकू तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणताना त्यांचाही हात तसाच फिरे, फक्त वरून खाली. दोघी एकमेकींच्या देवाबद्दल चकार शब्द काढत नसत. हातांचे मात्र जमत असे.

आजीचा क्रम पौलाचा होता. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल विश्वासणाऱ्याला सैतानाशी झुंजायला उभा करतो आणि देवाची शस्त्रसामग्री अंगावर चढवायला सांगतो: सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, पायांत सुवार्तेची तयारी, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि शेवटी आत्म्याची तरवार म्हणजे देवाचे वचन. पण हे सगळे नंतर. आधी तो प्रभूच्या सामर्थ्याने बलवान व्हायला सांगतो, म्हणजे जे बळ तुझे नाही ते घे. जगभरचे ख्रिस्ती लोक ज्याला आध्यात्मिक युद्ध म्हणतात त्याचा सगळा पसारा या दहा-अकरा ओळींवर उभा आहे.

हे चिलखत आले कुठून? रविवारच्या शाळेत मिळणारे उत्तर ठरलेले असते. पौल रोममध्ये कैदेत होता, त्याच्या साखळीचे दुसरे टोक एका शिपायाच्या हाताला होते. बसल्या बसल्या त्याने त्या शिपायाकडे पाहिले आणि एकेक वस्तूला एकेक अर्थ जोडला. चित्र इतके देखणे आहे की कोणी ते तपासायला जात नाही.

मला ते पटत नाही. पण या मताची बाजू कच्ची आहे असेही नाही. त्याच अध्यायात पौल स्वतःला साखळदंडातला वकील म्हणवतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार रोमन पायदळाच्या सरंजामाचे वर्णन करतो, तेव्हा सरंजामाला ‘पॅनोप्लिया’ म्हणतो आणि पहिली वस्तू सांगतो ‘थुरेऑस’, अडीच फूट रुंद आणि चार फूट लांब अशी दारासारखी ढाल. पौलाने हेच दोन्ही शब्द वापरले आहेत. शिवाय त्याचा क्रम अंगावर सामान चढवणाऱ्या माणसाचा आहे: पट्टा आधी, शिरस्त्राण आणि तरवार शेवटी. इथवर शिपाईवाले जिंकले.

मग त्या शिपायाचा भाला कुठे गेला? पॉलिबियसच्या यादीत भाले आहेत, आणि फेकायचा भाला हे तर रोमन सैनिकाचे ओळखीचे हत्यार. समोर बसलेल्या माणसाचे वर्णन करताना लेखक तेवढेच कसे गाळेल? दुसरे असे की पौलाचा सैनिक पाऊलभरही पुढे सरकत नाही. चार ओळींत चारदा त्याला एकच हुकूम मिळतो, उभा राहा, टिकून राहा. मुलूख मारायला निघालेल्या सैन्याचा हा पोशाख दिसत नाही.

माझा दावा असा की हे चिलखत पौलाच्या जन्माआधी काही शतके शिवून तयार होते आणि ते कोणा माणसाच्या मापाचे नव्हते. यशया संदेष्ट्याचा एकोणसाठावा अध्याय काढा. देशात न्याय उरलेला नाही, सत्य रस्त्यात कोसळले आहे. देव पाहतो की मध्ये पडणारा कोणीच नाही, आणि त्याला आश्चर्य वाटते. मग तो स्वतःच उठतो. त्याचाच बाहू त्याला साहाय्य करतो, तो नीतिमत्त्व उरस्त्राणासारखे घालतो आणि तारणाचे शिरस्त्राण डोक्यावर चढवतो. पौलाच्या यादीतल्या दोन मुख्य वस्तू त्याच नावांनी इथे आहेत आणि त्या देवाच्या अंगावर आहेत. उरलेल्या शोधायला लांब जावे लागत नाही. कमरपट्टा त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात, दावीदवंशातून येणाऱ्या राजाच्या कमरेला. सुवार्ता आणणाऱ्याची पावले बावन्नाव्यात. तरवारीसारखे तोंड एकोणपन्नासाव्यात.

राहिली ढाल, म्हणजे शिपाईवाल्यांचा हुकमी एक्का. पण पस्तिसावे स्तोत्र जुन्या ग्रीक भाषांतरात वाचले तर तिथे देवालाच विनवले आहे की शस्त्र घे, ढाल घे आणि माझ्या मदतीला ऊठ. ढालीसाठी तिथे योजलेला शब्द थुरेऑसच. ‘पॅनोप्लिया’चेही तसेच. शलमोनाच्या नावावरचा एक ज्ञानग्रंथ आहे; कॅथलिक बायबलात तो सापडतो, प्रोटेस्टंट बायबलात नाही. त्याच्या पाचव्या अध्यायात देव आपल्या आवेशाचा ‘पॅनोप्लिया’ करून अंगावर घालतो, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण बांधतो आणि पावित्र्याची अजिंक्य ढाल धरतो. म्हणजे एकूण एक वस्तूला आधीचा मालक आहे, आणि ठळक वस्तूंचा मालक देवच आहे.

पौलाच्या हातून हे काम कसे वाढत गेले तेही दिसते. सन ५० च्या सुमारास थेस्सलनीकाकरांना लिहिताना त्याने फक्त उरस्त्राण आणि शिरस्त्राण वापरले, यशयाच्या त्या एका ओळीतली नेमकी जोडी. इफिसकरांच्या पत्रापर्यंत पूर्ण पोशाख तयार झाला. इफिसकरांस पत्र पौलाचे की त्याच्या एखाद्या शिष्याचे, हा अभ्यासकांचा जुना तंटा आहे. तो शिष्याच्या बाजूने लागला तर माझा दावा उलट बळकट होतो, कारण मग साखळीच्या टोकाचा शिपाईच उरत नाही. उरतो तो यशया घोकलेला एक माणूस. शिपायाने फार तर क्रम आणि चेहरामोहरा पुरवला असेल. कपडे देवाच्या खुंटीवरचे.

मालक बदलला की अर्थही बदलतो. शिपायाचे चिलखत म्हटले की माणूस आपले सत्य, आपले नीतिमत्त्व, आपला विश्वास घासूनपुसून लखलखीत करायला बसतो आणि एखादा पत्रा गंजलेला दिसला की धास्तावतो. देवाचे चिलखत म्हटले की घासायला काही उरत नाही. जे त्याने घातले होते ते आपल्या खांद्यावर आले, एवढेच. शमुवेलाच्या पुस्तकात दावीद शौलाचे चिलखत घालून पाहतो, त्यात त्याला चालता येत नाही, आणि तो ते उतरवून गोफण घेतो. एका माणसाचे चिलखत दुसऱ्याला होत नाही. देवाचे मात्र होते, असे पौलाचे म्हणणे.

हे पत्र इफिसलाच का गेले, यावर माझा एक तर्क आहे. इफिस हे जादूटोण्याचे गाव. ‘इफिसी अक्षरे’ नावाचे अर्थहीन शब्दांचे मंत्र ताइतावर कोरून लोक अंगावर बाळगत. प्रेषितांच्या कृत्यांत एकोणिसाव्या अध्यायात तिथल्या जादूगारांनी आपली पुस्तके जाळली त्याचा हिशेब दिला आहे, चांदीची पन्नास हजार नाणी. अशा गावात नवा विश्वासणारा ताईत उतरवतो, तेव्हा त्याचा गळा ओका वाटतो. त्या ओक्या जागेसाठी पौलाने हे चिलखत पाठवले. आणि त्याच अध्यायात स्किवाच्या सात मुलांची फजिती येते. येशूचे नाव मंत्र म्हणून वापरायला ती निघाली आणि भूतबाधा झालेल्या माणसाने त्यांना बडवून, कपडे फाडून हाकलले. उसने घ्यायचे तर मालकाशी ओळख हवी, हा त्या गोष्टीचा रोख.

या चिलखताचा पुढचा रस्ता सगळ्यांना माहीत असलेला, म्हणून भराभर. इरॅस्मसने सोळाव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती शिपायाची पोथी लिहिली, लूथरने सेहेचाळिसाव्या स्तोत्रावरून गडाचे गीत रचले, विल्यम गर्नल या इंग्रज पाद्र्याने १६५५ पासून इफिसकरांच्या या मूठभर ओळींवर तीन खंड भरले. १६७८ मध्ये बन्यन या इंग्रज लेखकाच्या रूपककथेतल्या यात्रेकरूला एका शस्त्रागारात हे चिलखत मिळाले. अपोल्योन या राक्षसाशी गाठ पडते तेव्हा त्याच्या लक्षात येते की पाठीला काहीच नाही, म्हणून पळता येत नाही. बन्यनचा हा यात्रेकरू हरि केशवजींच्या ‘यात्रिकक्रमण’मधून १८४१ मध्ये मराठीत उतरला. १९ सप्टेंबर १८८२ ला मुक्तिफौज मुंबईच्या धक्क्यावर उतरली. तिचा पुढारी फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरी सोडलेला साहेब. त्याने भगवे नेसून फकीरसिंग हे नाव घेतले, ढोल वाजवत मिरवणुका काढल्या आणि सरकारने त्याला तुरुंगात टाकले. नगरच्या मिशनातून हे सगळे आमच्या आजीपर्यंत पोचले.

जबलपुरात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला आणखी एक चिलखत ऐकू येते, आणि त्याने मला फार छळले. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’तल्या लंकाकांडात रावण रथावर आहे, राम पायी. बिभीषण घाबरतो. तेव्हा राम त्याला धर्मरथ समजावतो: शौर्य आणि धैर्य ही चाके, सत्य आणि शील हा ध्वज, घोडे बळ, विवेक, दम आणि परोपकाराचे, सारथी ईशभजन, ढाल वैराग्याची, तरवार संतोषाची, आणि गुरू-विप्रांची पूजा हे अभेद्य कवच. इथल्या मानसपाठांत हा प्रसंग वरचेवर होतो. धर्मरथ आणि इफिसकर सहा शेजारी शेजारी ठेवणारी हिंदी प्रवचनेही मी ऐकली आहेत. लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज ज्या शहरात आहे तिथे त्यात नवल नाही.

इतके साम्य म्हटल्यावर उसनवारीचा वास येणारच. तो घेणारा माणूसही लहानसहान नव्हता. भारतीय भाषांची पाहणी करणारा जॉर्ज ग्रिअर्सन तुलसीदासांचा परमभक्त. १९०७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने असे मांडले की उत्तरकालीन भक्तिपंथावर दक्षिणेतल्या नेस्टोरियन ख्रिस्त्यांचे ऋण आहे. लगेच वाद पेटला. ख्रिस्ती म्हणून मला हे मत गोड वाटायला हवे. पण धर्मरथापुरते तरी ते टिकत नाही. कठोपनिषदात शरीराचा रथ, बुद्धीचा सारथी आणि इंद्रियांचे घोडे आधीच जुंपलेले आहेत. संयुत्तनिकायात जाणुस्सोणी ब्राह्मणाच्या पांढऱ्याशुभ्र रथावरून निघालेल्या बोलण्यात बुद्ध आर्यमार्गाचा रथ वर्णन करतो, आणि त्यात तितिक्षा हे चिलखत आहे. पौलाच्या कितीतरी आधी गंगेकाठी गुणांची शस्त्रे करण्याची रीत रुळलेली होती. अकबराच्या दरबारातल्या जेझुइटांकडे बोट दाखवणाऱ्यांचे तर पंचांगच चुकते: ते फत्तेपूर सिक्रीला पोचले १५८० मध्ये, मानस लिहायला घेतले १५७४ मध्ये.

आणि खरे पाहिले तर धर्मरथ हा इफिसकर सहाचा भाऊच नव्हे. दोन्हीकडे ढाल-तरवार आहे म्हणून आपण फसतो. धर्मरथाचे जवळजवळ सगळे सामान माणसाच्या गुणांचे आहे. धैर्य, संयम, संतोष ज्याने कमावले त्याचा तो रथ. देवाकडे लगाम आहे, पण घोडे आपले. पौलाकडे घोडेही देवाचे. म्हणून या चिलखताचा खरा भाऊबंद शोधायचा तर कवचस्तोत्रांत शोधावा, जिथे अंगावर चढवायची वस्तू म्हणजे देवाचे नाव, त्याचे स्वतःचे बळ.

त्यांतले ठळक म्हणजे भागवताच्या सहाव्या स्कंधातले नारायणकवच. असुरांपुढे टेकीला आलेल्या इंद्राला विश्वरूप ते शिकवतो. अंगोपांगी नारायण स्थापून इंद्र लढतो आणि जिंकतो. देवांचा राजा असूनही त्याला स्वतःचे बळ पुरले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. या कल्पनेचे मूळ आणखी मागे जाते. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातले पंचाहत्तरावे सूक्त खऱ्याखुऱ्या धनुष्य-बाण-चिलखताची स्तुती करते आणि शेवटी प्रार्थनेलाच आतले चिलखत ठरवते.

इथे रामरक्षा आणि लोरिका पुन्हा भेटतात. एका मताप्रमाणे दोघी एकाच फार जुन्या मंत्राच्या लेकी असाव्यात. १८६४ मध्ये आडाल्बर्ट कून या जर्मन पंडिताने मेर्सेबुर्गचा जुना जर्मन मंत्र आणि अथर्ववेदातला मोडलेले हाड सांधण्याचा मंत्र शेजारी ठेवून सांध्याला सांधा, हाडाला हाड ही समान घडण दाखवली. तोच धागा आयरिश मठापर्यंत ओढण्याचा मोह होतो. मी तो ओढत नाही. लेडकेनला चिलखताचा शब्द पौलाच्या लॅटिन पत्रात आयता मिळाला होता. अवयवांची मोजणी मात्र त्याच्या मातीतल्या जुन्या मंत्रतंत्रातून आली असावी, असा माझा अंदाज. म्हणजे लोरिका हे कलम आहे: खोड यशयाचे, फांदी गावठी.

या फांदीचा एक दोष दोन्हीकडे सारखा उगवला. नारायणकवचाच्या फलश्रुतीत एक ब्राह्मण ते धारण करून मरुभूमीत देह ठेवतो. पुढे चित्ररथ गंधर्वाचे विमान त्याच्या अस्थींवरून जाताना उलटे कोसळते. त्या अस्थी सरस्वतीत सोडल्यावरच त्याची सुटका होते. कवच घालणारा गेला तरी कवच काम करतेच आहे. आयर्लंडमध्ये संत पॅट्रिकच्या नावावरच्या लोरिकेलाही नंतर प्रस्तावना जोडली गेली: रोज म्हणणाऱ्याला भूत बाधणार नाही, विष बाधणार नाही, अवचित मरण येणार नाही. हा ताइताचा परतीचा प्रवास. पौलाने इफिसकरांच्या गळ्यातून जे उतरवले ते आयरिश भक्तांनी हळूच पुन्हा बांधले. आजचे आध्यात्मिक युद्धावरचे काही उपदेशक पट्टा विसरला तर सैतान नेमका कमरेवर मारेल अशा थाटात बोलतात, तेव्हा मला स्किवाची मुले आठवतात.

नारायणकवच आणि इफिसकरांचे चिलखत ही दोन्ही कवचे एका माणसाच्या डोक्यात खात्रीने एकत्र आली, अशी एक व्यक्ती मराठीत आहे. पंडिता रमाबाई. पुराण सांगत देशभर फिरणाऱ्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. लहानपणीच तिच्याकडून भागवत पाठ करून घेतलेले. भागवत पाठ म्हणजे सहावा स्कंध पाठ, म्हणजे नारायणकवच पाठ. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई आमच्या या मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुलींना घेऊन गेल्या. केडगावात १९०५ मध्ये प्रार्थनेची मोठी लाट उसळली तेव्हा त्यांच्या मुक्ती मिशनच्या अंगणात यातल्याही मुली असणार. आणि उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून रमाबाईंनी एकटीने सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून झाले. इंद्राचे कवच मुखोद्गत असलेली बाई इफिसकरांचा सहावा अध्याय ग्रीकमधून उतरवत बसली आहे, हा प्रसंग मला सगळ्या रोमन शिपायांहून मोलाचा वाटतो.

नारायण वामन टिळकांकडे हेच वेगळ्या वाटेने आले. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका साहेबाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्या पुलाची एक कमान पाईकीच्या अभंगांची आहे असे मी मानतो. तुकोबांचा पाईक स्वतःची फिकीर धन्यावर टाकून लढतो. जीव धन्याचा, बळ धन्याचे. मराठी कानाला इफिसकर सहा परके वाटले नाही, त्याचे श्रेय मी रोमपेक्षा देहूला देतो.

तेव्हा माझा निवाडा: पोशाख यशयाचा, बेतणी पौलाची, रोमन शिपाई फार तर क्रमाचा आणि चेहऱ्यामोहऱ्याचा धनी, आणि आपल्याकडचा जवळचा नातेवाईक धर्मरथ नसून कवचस्तोत्र. आजीच्या हाताचा तो फेरा पुस्तकातून आला की शेजारच्या काकूंकडे पाहून, याचा निकाल एका घरावरून लागणार नाही. जबलपूर, नागपूर, अहिल्यानगर, केडगावकडच्या ख्रिस्ती घरांत पहाटे शस्त्रसामग्री चढवण्याची रीत अजून कोणी पाळत असेल, तर हात कुठून निघतो, कुठे थांबतो आणि तोंडाने काय म्हणतात, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत उतरवून ठेवा. रामरक्षेचा पाठ छापील आहे. हा कुठेच छापलेला नाही.